बरा झालेला पाय

जामबागेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरचं दार रोज शिल्पा उघडायची, हाताचं पीठ नाहीतर साबणाचा फेस पदराला पुसत. त्या सोमवारी ते तिच्या सासूनं, भामाबाईंनी उघडलं. वॉकर नव्हता, काठी नव्हती, भिंतीला टेकलेला हात नव्हता. कमरेवर गवारीच्या शेंगांचं ताट आणि दुसरा हात कडीवर, अशा त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. आणि आपण काय करून बसलो हे त्यांना कळलं ते समोर गीताचा चेहरा दिसल्यावरच. गीताला आनंद व्हायला हवा होता. पावसाळ्याच्या तोंडाला मोरीत पडून मांडीचं हाड मोडलेली, हाडात सळई घालून घरी आणलेली, कूस बदलायलाही दोन माणसं लागणारी सत्तरीची बाई स्वतःच्या पायांनी दार उघडायला आली होती, आणि तिला तसं उभं करणारे हात गीताचेच होते. पण आनंदाच्या आधी, नवलाच्या आधी, जिना चढून लागलेला दम खाली बसायच्याही आधी तिच्या मनात आला तो बँकेचा हप्ता. आता हप्त्याचं काय, एवढंच. मग ती हसून 'अरे वा, आजी' म्हणाली. पण ते दुसरं होतं. पहिलं काय होतं ते तिचं तिलाच ठाऊक.

भामाबाई वळल्या आणि लंगडत खाटेकडे निघाल्या. पहिली दोन पावलं त्या चुकीच्या पायानं लंगडल्या, मग ध्यानात येऊन त्यांनी पाय बदलला. गीताला हसू फुटलं ते घशातच राहिलं. खाटेवर बसून त्यांनी कोपऱ्यातला वॉकर पायानंच जवळ ओढला, शिल्पा पोरीला शाळेतून आणायला गेलीय, येईलच, असं सांगितलं, आणि आवाज खाली आणून मुलाबद्दल म्हणाल्या, "विकासला बोलू नकोस."

"कधीपासून चालताय, आजी?"

"झाले की लई दिवस. घरात कोणी नसलं की चालते." निवडून झालेल्या शेंगा त्या उगीच पुन्हा निवडू लागल्या. "तू सांगितलंस की तुझं येणं बंद. मग मी कोणाशी बोलू? विकास दिवेलागणीला येतो, जेवतो, आडवा होतो. शिल्पा बिचारी कामात. पोरगी टीव्हीसमोर, तिला माझं बोलणं समजंना, मला तिचं. तू आलीस की तासभर तोंड उघडतं माझं."

गीता खाली बसली, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि रोजच्यासारखी सुरुवात केली. शिल्पा आली तेव्हा भामाबाई डोळे मिटून कण्हत होत्या आणि गीता त्यांना 'आणखी एकदा, आजी' म्हणत होती. निघताना शिल्पानं देव्हाऱ्याखालच्या डबीतून व्हिजिटचे पैसे काढून दिले. हाताला तेल होतं म्हणून गीतानं ते दोन बोटांच्या चिमटीत धरून पर्समध्ये टाकले.

खाली फुलबाजाराची दुपारची मरगळ होती. उरलेल्या झेंडूवर पाणी मारत बसलेल्या बायका, चिखलात तुडवलेल्या पाकळ्यांचा आंबूस वास. लूना सुरू करून ती कोठी भागातल्या गर्दीत शिरली आणि तिला वाटलं, भामाबाईंनी नवीन असं काय सांगितलं? तिच्या हातांना ते दसऱ्यापासून माहीत होतं. पडून राहिलेल्या माणसाची मांडी हाताला पिळून टाकलेल्या फडक्यासारखी लागते. भामाबाईंची मांडी पुन्हा भरून आली होती, दाबलं की खालून उलटा जोर यायचा. टाचेला नवी भेग पडली होती. तळव्याला स्वयंपाकघरातल्या फरशीची काळसर धूळ असायची, आणि बसून राहणाऱ्या बाईचा तळवा असा मळत नाही. हे सगळं रोज तिच्या मांडीवर असायचं, आणि ती ते तेलाच्या हातानं पुसून टाकायची. दसऱ्याला ती गेली तेव्हा विकासनं जिन्यात तिच्या हातावर जम्मीची, म्हणजे शमीची पानं ठेवली होती. इकडे आंध्रात आपट्याऐवजी सोनं म्हणून तीच देतात. पानं देता देता त्यानं विचारलं होतं की मॅडम, आईला आणखी किती दिवस लागतील. ती म्हणाली होती, वय आहे ना, घाई नको करायला. वाक्य तसं खोटं नव्हतं. कुणीही म्हटलं असतं. विकासनं 'हौ, बराबर' म्हणून मान डोलावली होती, आणि त्या एका वाक्यावर ती दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत हप्ते भरत आली होती.

हिशेब लिहायची सवय तिला बाबांची. देवराव सरकारी कारखान्याच्या भांडारात होते. आयुष्यभर त्यांनी लोखंडाच्या पट्ट्या आणि नटबोल्ट मोजले, आणि घरी येऊन दुधाचा, रॉकेलचा खर्च त्याच अक्षरात मांडला. गीता बारावी झाली त्याच सुमारास देशाचं धोरण बदललं, कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटले गेले, आणि दुसरीकडे कर्नाटकात पैसे भरून फिजिओथेरपी शिकवणारी कॉलेजं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. आंध्रचा जातीचा दाखला कर्नाटकात चालत नव्हता, म्हणून सवलत नाही. बाबांना निवृत्तीचे मिळाले ते पहिल्या वर्षाच्या फीत गेले आणि पुढच्या वर्षांसाठी बँकेचं कर्ज काढावं लागलं. जामीन राहिले शेजारचे एकनाथराव, पोस्टातले. सही करताना त्यांनी पेन झटकून पाहिलं होतं आणि म्हणाले होते की पोरगी हाताला काम शिकतेय, ते काय बुडणारं आहे होय. शिकून आल्यावर ती एका नर्सिंग होममध्ये लागली. तिथला पगार असा की बसभाडं आणि डबा जाऊन हप्त्यापुरतंही उरेना. म्हणून ती बाहेर पडली, जुनी लूना घेतली, आणि घरोघर जाऊन आखडलेली, मोडलेली, अंगावरून वारं गेलेली माणसं हलवू लागली. पहिले काही महिने काम जमलं नाही आणि हप्ते चुकले. तेव्हा बँकेनं कागद धाडला तो एकनाथरावांना. ते संध्याकाळी आले, चहा घेतला, बाबांशी क्रिकेटवर बोलले, आणि निघताना फाटकापाशी हसत हसत म्हणाले, "देवराव, बँकेला माझा पत्ता सापडला बरं का." बाबाही हसले. मग आत येऊन बराच वेळ बनियनची बाही ओढत बसले. त्या हसण्यानंतर गीतानं एकही हप्ता चुकवला नव्हता.

पगार येतो तेव्हा तो एकरकमी येतो, त्याला चेहरा नसतो. तिची कमाई माणसामाणसानं यायची, आणि हळूहळू वहीतल्या दोन बाजू एकमेकींना चिकटत गेल्या. नारायणगुड्याचे निवृत्त जज्ज म्हणजे लूनाचं पेट्रोल. काचीगुड्याची मारवाडी सून, कंबर धरलेली, म्हणजे घरी द्यायचे पैसे. आणि भामाबाई म्हणजे हप्ता. त्यांच्या महिन्याच्या व्हिजिटांची बेरीज जवळजवळ तेवढीच भरायची. हे तिनं ठरवून केलं नव्हतं. पण एकदा झाल्यावर जज्जसाहेबांचं बोट हललं की तिला आधी पेट्रोल आठवायचं. माणूस बरं होऊ लागलं की वहीतली एक ओळ पुसट व्हायची. हे असलं शिक्षण तिला कॉलेजात कुणी दिलं नव्हतं, त्यासाठी कर्ज काढावं लागलं नव्हतं, ते फुकटात आलं होतं.

त्या सोमवारनंतर ती भामाबाईंना जास्त वेळ देऊ लागली. तासाचा सव्वा तास. दुखत नसलेल्या गुडघ्यांनाही शेक, मानेला मालिश, कधी वाटेतून उस्मानिया बिस्किटं. भामाबाई खुलायच्या, उदगीरकडच्या त्यांच्या माहेरच्या विहिरीच्या, भावकीच्या गोष्टी सांगायच्या. सुरुवातीला त्यांनी तिचं आडनाव विचारलं होतं. त्या आठवड्यात तिला चहा खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या काचेच्या ग्लासात यायचा. मग एके दिवशी भामाबाईच आतल्या घराकडे तोंड करून म्हणाल्या, शिल्पा, कपात दे गं, पोरीचे हात भाजतात. बस, एवढंच झालं होतं. पाय मात्र पहिल्या दिवसापासून तिच्याच हातात होता. त्या कपातला चहा आता गीताला गिळवेना. दोघी मिळून एका घराला फसवत होत्या, एकीला बोलणं हवं म्हणून, एकीला पैसे. आणि फसवणुकीतही भामाबाईंचा वाटा तिच्यापेक्षा स्वच्छ होता. त्यांना बिचाऱ्यांना वाटत होतं की गीताला हे सोमवारी कळलं. आपल्यासाठी पोरगी गप्प राहिली, असं त्या समजत होत्या. एकदा तर त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि गीतानं केस नीट करायच्या निमित्तानं मान काढून घेतली.

मग एके दिवशी कसल्याशा कराविरुद्ध व्यापाऱ्यांनी बेगम बाजार बंद ठेवला. विकास घरी होता. तिथल्या एका मसाल्याच्या ठोक दुकानात तो मालाची नोंद ठेवायचा, वेळ पडली की मिरचीची पोती स्वतः सरकवायचा. त्याच्या कपड्यांना कायम ठसका लागेल असा वास असे. गीताचं काम आटोपत आलं तेव्हा तो आतून आला आणि दाराशी अवघडून उभा राहिला. अडखळत म्हणाला की मॅडम, रोजच्याऐवजी एक दिवसाआड चालेल का. शेठचं गिऱ्हाईक पाकिटातल्या मसाल्याकडे चाललंय, यंदा वाढ नाही, आणि डबी महिनाअखेरीपर्यंत पुरत नाही. बोलता बोलता त्यानं खुंटीवरचा शर्ट काढायला हात वर केला. उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथंच अडला. काहीच न झाल्यासारखं त्यानं डाव्या हातानं शर्ट काढला. आधी उजवी बाही, आखडलेल्या हातावर मोजा चढवावा तशी चढवली, मग डावी. हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की घरात कुणाला दिसत नव्हतं. गीताला दिसलं.

तिनं विचारलं, कधीपासून दुखतंय. दिवाळीपासून, तो म्हणाला. त्या कुशीवर झोपता येत नाही, भांग पाडताना डोकंच हाताकडे न्यावं लागतं. कुणाला दाखवलं का, तर नाही. "आईचं होऊ द्या आधी," तो म्हणाला. "एका घरात दोन इलाज कसे करायचे, मॅडम?"

आणि तेव्हा ते पुन्हा झालं. दयेच्या आधी, शरमेच्या आधी तिच्या आत कुणीतरी थंडपणे मांडणी केली: खांदा आखडलाय, तीन-चार महिन्यांचं काम, आई संपली तरी मुलगा आहे. हप्ता सुटला. तिला एकदम शिसारी आली. समोर खाटेवर एक बाई बसली होती, दारात एक माणूस बाहीत हात घालत होता, आणि ती दोघांच्या मधोमध तेलाचे हात घेऊन, दोघांच्या अंगावर भाव लिहीत उभी होती. दिवाळीपासून हा कुशी बदलत रात्र काढत होता, म्हणजे नेमके तेच दिवस, जे तिनं वय आहे म्हणून लांबवले होते. त्याच्या खांद्याचे पैसे आपण आईच्या पायावर खाल्ले. वाक्य असं आतून उमटलं, आणि त्याच्यामागोमाग दुसरं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"आईंना आता माझी गरज नाही. त्या चालतात."

भामाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी हळूच वॉकर पुढं ओढला, दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि म्हणाल्या, "कुठं चालते? पाय ठणकायलाय माझा सकाळपासून." विकास एकदा आईकडे, एकदा गीताकडे पाहू लागला. मग त्याच्या चेहऱ्यावर जो समजूतदारपणा आला तो गीताला कुठल्याही शिवीपेक्षा लागला. "मॅडम, गुस्सा नका होऊ," तो म्हणाला. "एक दिवसाआड नाही परवडत तुम्हाला, मी समजू शकतो. तुमचंही पोट आहे. रोज या. मी करतो काहीतरी." तिनं पहिल्यांदा खरं सांगितलं होतं आणि ते त्याला पैशाचं वाटलं. रागावून म्हणावं तर कसल्या तोंडानं म्हणावं. इतके दिवस ते पैशाचंच होतं.

ती त्याच्याजवळ गेली. बसा म्हणाली, आणि त्याचा उजवा हात कोपरात धरून सावकाश वर नेऊ लागली. खांद्याच्या रेषेपाशी त्याचा श्वास तुटला. आणखी थोडं नेल्यावर त्याच्या तोंडून आवाज निघाला, मोठा नव्हे, दाबून धरलेला, पण चाळिशीच्या माणसाचा नव्हे, पोराचा. शिल्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. गीतानं भामाबाईंकडे पाठ ठेवूनच सांगितलं की आजी, याचा हात एवढ्याच्या वर जात नाही. दिवाळीपासून.

खाट करकरली. गीतानं मागं पाहिलं नाही. फरशीवर पडणारी पावलं मात्र तिनं ऐकली, अनवाणी, सलग, एकसारखी, लंगडण्याचं नाव नाही. भामाबाई खोली ओलांडून आल्या, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मला का सांगितलं नाहीस रे?" विकास आईच्या पायांकडे बघत राहिला. मग तो खांदा विसरून रडू लागला, आणि शिल्पाही, आणि त्या घरात एकदम सणासारखं झालं.

त्यांनी सगळं श्रेय तिलाच दिलं, हेच सगळ्यात वाईट झालं. आईला मॅडमनी उभी केली. शिल्पानं हळदीकुंकू लावून तिच्या हातात नारळ दिला, मसाल्याचा पुडा दिला. विकासनं महिन्याचे राहिलेले पैसे, न झालेल्या दिवसांचेसुद्धा, पाकिटात घालून डाव्या हातानं पुढं केले. ती नको म्हणाली, तो ऐकेना. मग ती म्हणाली की त्याच्या खांद्याचं काम ती करील, पैसे नकोत. विकासचा चेहरा बदलला. फुकटचं नको मॅडम, तुमची मेहनत आहे, पैसे जमले की मीच बोलावीन, असं तो अगदी अदबीनं म्हणाला. आपल्याला दसऱ्याच्या वेळीच माहीत होतं, हे सांगायला तिनं तोंड उघडलं होतं. भामाबाई मुलाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. ते न सांगताच ती पाकीट घेऊन खाली आली. पाकीट तिनं बँकेतच नेलं. खिडकीतल्या माणसानं नोटा मोजून शिक्का मारला, पावती फाडून दिली. कुठल्या नोटा कुठून येतात ते खिडकीला कळत नाही. संध्याकाळी एकनाथराव फाटकापाशी भेटले आणि काय म्हणतेय प्रॅक्टिस असं विचारलं. छान आहे काका, ती म्हणाली.

पुढचे आठवडे ओढाताणीचे गेले. हिमायतनगरात एक नवा पेशंट मिळाला, ऑफिसरच्या सासऱ्यांचा गुडघा. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की दहा दिवसांत तुमचं तुम्हाला करता येईल. सांगितल्यावर बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं ते एवढंच की आता हे पैसेही गेले. चांगुलपणाही वहीत खर्चाच्याच बाजूला पडत होता. रात्री उजव्या कुशीवर वळली की तिला विकास आठवायचा, आणि ती डावीकडे वळायची.

फाल्गुनातल्या एका शनिवारी दुपारी ती अंबरपेठला घरी आली तर दारात नव्या रबरी चपला होत्या, आणि आत बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या खुर्चीत भामाबाई बसल्या होत्या. खाली चटईवर पार्वतीबाई, गीताची आई, मिरच्यांची देठं खुडत होत्या, आणि दोघींचं उदगीर-देगलूरच्या बाजारांवरून असं चाललं होतं की गीता आत आल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. पार्वतीबाईंचं माहेर देगलूरचं. भामाबाईंच्या हातात चहाचा रिकामा कप होता. कोठीवरून बसनं आल्या होत्या, एकट्या, कंडक्टरला पत्ता विचारत. घरी सांगितलं होतं की देवळात जाते. गीतानं पायांकडे पाहिलं. घोट्याला सूज नव्हती.

पार्वतीबाई मिरच्या आत ठेवायला उठल्या तेव्हा भामाबाई म्हणाल्या, "विकासचा हात तसाच हाय. तुझं फुकट त्याला चालंना, आणि पैसे काही जमंनात."

"मी पुन्हा येऊन सांगते त्यांना."

"नको. ऐकणार न्हाई." त्यांनी कप खाली ठेवला. मग कपाकडेच बघत, आवाज न चढवता बोलल्या, "आपण दोघींनी दसऱ्यालाच सांगितलं असतं, तर त्याचा हात तेव्हाच दिसला असता."

आपण दोघींनी. गीताच्या कानात ते दोन शब्द बराच वेळ राहिले. म्हणजे आपल्याला तेव्हाच कळलं होतं, हे त्यांना माहीत होतं. ज्या मांडीला आपला हात कळत होता तिला आपल्या हाताचं थांबणंही कळत असणार, हे तिला कधी सुचलं नव्हतं. म्हातारीनं तिला वगळलं नव्हतं, माफही केलं नव्हतं. आपल्याशेजारी बसवून घेतलं होतं, इतकंच. काहीतरी बोलायला हवं होतं, पण जे सुचलं ते सगळं स्वतःची बाजू मांडणारं होतं: कर्ज, जामीन, बाबांची बनियनची बाही.

तिनं आईला हाक मारली आणि स्टुलावर बसायला सांगितलं. पार्वतीबाई पदराला हात पुसत, हे काय आता, म्हणत बसल्या. गीतानं भामाबाईंना उठवून त्यांच्या मागं उभं केलं, त्यांचा डावा हात आईच्या खांद्याच्या माथ्यावर ठेवला, उजवा कोपराखाली. खांदा असा दाबून ठेवायचा, वर उचलू द्यायचा नाही, नाहीतर तो फसवतो. मग हात वर न्यायचा, ओढायचा नाही, न्यायचा. अंघोळीनंतर, अंग गरम असताना, रोज. ती आपले हात त्यांच्या हातांवर ठेवून सांगत होती. भामाबाईंची बोटं आधी पार्वतीबाईंच्या चोळीच्या बाहीवरच रेंगाळली, मग सरकून त्यांनी नीट खांदा धरला.

"तो बस म्हणेल," गीता म्हणाली. "लगेच सोडू नका. त्याला श्वास घेऊ द्या, आहे तिथंच धरून ठेवा, आणि मग थोडं आणखी."

"त्याला दुखंल."

"दुखेल. आई करतेय म्हटल्यावर सोसेल."

भामाबाईंनी एकदा करून पाहिलं. कोपर वाकडं गेलं. गीतानं ते सरळ केलं. पुन्हा केलं. पार्वतीबाई म्हणाल्या की बाई, तुमच्या हाताला जोर आहे हो. भामाबाईंनी ओठ घट्ट मिटून तिसऱ्यांदा तो हात उचलायला घेतला, खांद्याची रेषा ओलांडून, सावकाश, कानापर्यंत. मध्येच गीतानं आपले हात काढून घेतले होते, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.